मातीतली हवा मोजायची कशी?

जे दिसत नाही, ते आपण त्याच्या परिणामावरून मोजतो. आज त्याचं एक उदाहरण घेऊ.

मुळांना प्राणवायू लागतो. तो मातीत कुणी पंप मारून ढकलत नाही. जिथे जास्त आहे तिथून कमी असलेल्या जागी वायू आपोआप पसरतो. यालाच विसरण म्हणतात. पण मातीतून हे किती वेगाने होतं?

पद्धत साधी आहे. धातूच्या नळीत मातीचा नमुना न मोडता काढायचा. नळीखाली बंद डबा, त्यात नायट्रोजन भरून प्राणवायू हुसकून लावलेला. वर मोकळी हवा. मधली झडप सरकवली, की प्राणवायू मातीतून खाली उतरू लागतो. डब्यातलं त्याचं प्रमाण ठरावीक वेळाने मोजत जायचं. ते किती झपाट्याने वाढतं, त्यावरून विसरणाचा गुणांक निघतो आणि त्याची मोकळ्या हवेतल्या गुणांकाशी तुलना करता येते.

अमेरिकेच्या कृषी खात्यातले एडगर बकिंगहॅम यांनी 1904 मध्ये सांगितलं, की माती कोणत्या प्रकारची यापेक्षा तिच्यात हवेची पोकळी किती हे महत्त्वाचं, आणि विसरण त्या पोकळीच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. पोकळी 40 टक्के, तर विसरण मोकळ्या हवेच्या 16 टक्के. पोकळी 20 टक्के, तर फक्त 4. इंग्लंडमधले पेनमन यांनी 1940 मध्ये वेगळं सूत्र मांडलं: पोकळीच्या 0.66 पट. म्हणजे 20 टक्के पोकळीला सुमारे 13. मग खरं कुणाचं?

इथे आपण जरा थांबू. पोकळी म्हणजे वाट नव्हे. कोरड्या पदार्थात पेनमन यांचं सूत्र बरंचसं जुळतं. पण माती ओली झाली, की पाणी अरुंद बोळांच्या तोंडाशी बसतं, आणि पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे 10,000 पट सावकाश जातो. जागा असते, पण रस्ता बंद! म्हणून एकच सूत्र सगळीकडे लावलं, तर गुदमरलेल्या मुळांनाही आपण कागदावर भरपूर हवा देऊन मोकळे होऊ.

आपल्याकडे शेतकरी पावसानंतर वाफसा येण्याची वाट पाहतो. वाफसा म्हणजे ओल आणि हवा दोन्ही जागच्या जागी. ओल्या रानात औत घातलं तर माती दबते, बोळ मोडतात. त्याने गुणांक काढलेला नसतो. मूठभर माती दाबून पाहिलेली असते. तेही मोजणंच आहे. आकडा त्याला खोटं पाडत नाही, फक्त ‘किती’ ते सांगतो.