रात्रीची आवराआवर : बुलेटिन बोर्ड आणि टर्बो पास्कल

वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी १६ फेब्रुवारी १९७८ रोजी शिकागोत संगणकावरून फोनने जोडून वापरायचा पहिला बुलेटिन बोर्ड सुरू केला. त्याचा प्रोग्राम असेंब्लीत होता. असे बोर्ड घरोघरी निघाले ते नंतर, आणि त्यात टर्बो पास्कलचा वाटा मोठा. अँडर्स हाइल्सबर्ग यांचा हा कम्पायलर बोरलँडने १९८३च्या अखेरीस ४९.९५ डॉलरला विकायला काढला. दिवसा नोकरी करून रात्री बोर्ड सांभाळणाऱ्या सिसॉपला तो परवडला. वेन बेल यांचा डब्ल्यूडब्ल्यूआयव्ही हा बोर्डाचा प्रोग्राम बेसिकमधून पास्कलमध्ये आला. त्याच सोर्सवरून टेलीगार्ड निघाला आणि टेलीगार्डवरून रेनेगेड.

नाव झालं ते या मोठ्या प्रोग्रामांचं आणि ‘लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन’सारख्या खेळांचं. बोर्ड जगवले मात्र छोट्या युटिलिटींनी, असं मला ठामपणे वाटतं.

सभासदांची यादी म्हणजे ठरावीक लांबीच्या रेकॉर्डांची फाइल. पन्नासावा सभासद हवा असेल तर ‘सीक’ने थेट त्याच्या जागी जायचं, मधलं काही वाचायचं नाही. मंद हार्ड डिस्कवर ही सोय लाखमोलाची होती. पण सभासद काढून टाकला तरी त्याची जागा तशीच राहायची, नुसती खूण व्हायची. मग पहाटे, फोन शांत असताना, पॅक करणारी युटिलिटी चालायची. ती जिवंत रेकॉर्डं नव्या फाइलीत उतरवायची, जुनी फाइल बाजूला ठेवायची आणि नवीला तिचं नाव द्यायची. मध्येच वीज गेली तरी मूळ फाइल शाबूत राहावी, एवढी काळजी चांगला लेखक घ्यायचाच. पन्नास-साठ ओळींचं हे काम आजही वाचावं असं आहे.

दुसरी बाजूही आहे. मूळ प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत रेकॉर्ड एका बाइटने वाढलं, की जुनी युटिलिटी पहिल्या सभासदानंतर सगळंच चुकीचं वाचायची. म्हणून शहाणे लेखक प्रोग्रामसोबत रेकॉर्डांच्या व्याख्यांची पास्कल फाइलही वाटत.

इंटरनेटने बोर्ड ओस पडत असताना ‘रनटाइम एरर २००’ आला. टर्बो पास्कलचं क्रट युनिट सुरुवातीलाच संगणकाचा वेग मोजायचं. प्रोसेसर इतके वेगवान झाले की भागाकाराचं उत्तर सोळा बिटांत मावेना, आणि प्रोग्राम उघडताक्षणी बंद पडू लागले. त्यावर पॅच निघाले. ज्यांच्या हाताशी सोर्स होता त्यांना दुरुस्ती करून नव्याने कम्पाइल करता आलं.

मिस्टिकसारखा बोर्डाचा प्रोग्राम आज फ्री पास्कल या कम्पायलरवर बनतो. जुन्या युटिलिटीही तिथे पुष्कळदा कम्पाइल होतात. फक्त रेकॉर्डाआधी ‘पॅक्ड’ लिहायला विसरू नये, नाहीतर मध्ये रिकामे बाइट शिरू शकतात आणि जुनी फाइल जुळत नाही.

फ्लॉपीवरचं चुंबकीय लेखन कायमचं टिकत नाही. कुणाकडे त्या काळातल्या पास्कल सोर्सच्या डिस्क असतील, तर त्यांची प्रत याच वर्षी काढून ठेवा.