खाडीतला जिताडा आणि वजनदार दोरी

आगरदांड्याहून दिघीकडे निघालेल्या फेरीबोटीतून खाली पाहिलं, तर वीतभर खोलीपलीकडचं काही दिसत नाही. राजपुरीच्या खाडीचं पाणी बहुतेक वर्षभर असंच गढूळ असतं. वर मांदाड आणि म्हसळ्यापर्यंत शिरलेल्या फाट्यांतला चिखल दर सुकतीला खाली येतो आणि भरतीबरोबर पुन्हा वर जातो. उथळ समुद्रात फ्लायने, म्हणजे केसापिसांच्या नकली आमिषाने, मोठे मासे धरण्याची जी गाजलेली ठिकाणं आहेत, बहामा बेटांवरची बोनफिशची किंवा फ्लोरिडातली टार्पनची, तिथलं पाणी नितळ असतं. तिथे मासा आधी डोळ्यांनी हेरतात आणि मग त्याच्या वाटेवर फ्लाय टाकतात. आगरदांड्याला ते जमायचं नाही. तरीही रायगडच्या किनाऱ्यावर या कसबासाठी पाणी निवडायचं झालं, तर मी हेच निवडेन. कारण या पाण्यात जिताडा आहे.

जिताड्याची ओळख रायगडकरांना करून द्यायला नको. अलिबाग-पेणच्या खारेपाटात घराशेजारच्या तळ्यात जिताडे वाढवायची रीत जुनी आहे. पावसाळ्यात खाडीतून पिल्लं धरून तळ्यात सोडायची आणि जावई आला की मोठा मासा काढायचा. हाच मासा मालवण-गोव्यात चोणक, बंगालात भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. तिकडच्या उत्तर किनाऱ्यावर त्याला गरवायला दूरदूरहून माणसं येतात आणि होडीवाल्यांचा, वाटाड्यांचा मोठा व्यवसाय त्याच्यावर उभा आहे. तिथल्या बऱ्याच खाड्या राजपुरीसारख्याच आहेत: गढूळ पाणी, काठाला कांदळवन, भरती-ओहोटीची जबर ओढ.

आपल्याकडे गरी टाकतात तेव्हा शिसं किंवा आमिषाचं वजन दोरीला ओढून नेतं. फ्लायचं गणित उलटं. गळावर बांधलेली केसापिसांची ती प्रतिकृती इतकी हलकी असते, की नुसती फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. जिताड्यासाठी आठ ते दहा नंबरची दोरी लागते. दहा नंबरच्या दोरीच्या पहिल्या 30 फुटांचं वजन साधारण 18 ग्रॅम भरतं. नऊ फुटी काठी मागे नेऊन थांबायचं, दोरी पाठीमागे हवेत पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढे झोकायची. तो थांबा चुकला, की सगळं बिनसतं. नवशिक्याला घाई होते, कारण पाठीमागे काय चाललंय ते त्याला दिसत नसतं. ते काठीतून हाताला जाणवावं लागतं. डावा हात त्याच वेळी दोरीला हिसका देऊन वेग वाढवत असतो. दुपारचे खारे वारे सुरू झाले की हे सगळं अवघड होतं, म्हणून सकाळी, मतलई ओसरून पाणी शांत झालं की निघावं.

फ्लाय कुठली, हा शौकिनांचा न संपणारा वाद. मला त्यात एक गोष्ट फार आवडते. अमेरिकेतले लेफ्टी क्रे यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरातल्या स्ट्राइप्ड बाससाठी लांब पिसांची एक फ्लाय बांधली. ‘लेफ्टीज डिसीव्हर’ या नावाने ती जगभर पोहोचली आणि 1991 मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटावरही आली. चेसापीक म्हणजे नद्यांच्या पाण्याने मचूळ झालेलं, बरंचसं गढूळ पाणी. म्हणजे खाऱ्या पाण्यातली ही सर्वांत नावाजलेली फ्लाय नितळ पाण्यासाठी जन्मलेलीच नव्हती. कोंबड्याची चार-सहा लांब पिसं गळाच्या मागच्या टोकाशी बांधायची, पुढे हरणाच्या शेपटीचे केस सगळ्या बाजूंनी पांघरायचे, कडेला चमकीचे दोन-चार धागे. पाण्यात ओढली की ती बोयाच्या पिल्लासारखी अंग चोरत सरकते आणि थांबली की पिसं श्वास घेतल्यासारखी उघडतात. गढूळ पाण्यासाठी डोक्याशी केसांचा जाड गेंद ठेवतात, म्हणजे ती पाणी ढकलत जाते. जिताड्याला अंधुक उजेडात चांगलं दिसतं, त्याचे डोळे प्रकाशात तांबूस चमकतात; पण पाण्यातली हालचाल तो अंगावरच्या संवेदनशील रेषेनेही टिपतो.

मासा दिसत नसेल तर तो कुठे असेल हे ठाऊक असायला हवं आणि इथे पुस्तकं फार उपयोगी पडत नाहीत. सुकती लागली की कांदळवनातलं पाणी लहान लहान ओहळांनी खाडीत उतरतं. त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी खाली येते. त्या ओहळाच्या तोंडाशी, जिथे गढूळ धार आणि बाहेरचं पाणी यांची कड जुळते, तिथे जिताडा ओढीकडे तोंड करून दबा धरतो. कुठला ओहळ किती वेळ वाहतो, कुठे बुडलेलं खोड आहे, कुठे होडी रुतेल, हे खाडीवर जन्म काढलेल्या नाखव्याला विचारावं. काठी कितीही भारी असो, या माहितीवाचून ती निरुपयोगी.

जिताडा आमिष चावत नाही. तोंड आणि कल्ले एकदम फाकून पाण्यासकट आत ओढतो. पृष्ठभागाजवळ असेल तर ‘भुप्’ असा पोकळ आवाज येतो. त्या क्षणी काठी वर उचलायची नाही. दोरी डाव्या हाताने सरळ मागे खेचायची, तरच गळ त्याच्या कडक जबड्यात रुततो. मग तो पाण्याबाहेर उडी घेऊन डोकं झटकतो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, बारीक नायलॉन तिच्यावर घासलं की तुटतंच. म्हणून शेवटच्या हातभर भागाला 18-20 किलोंची ओढ सोसणारा जाड धागा लावतात.

रावसही याच पाण्यातला. भरतीच्या वेळी तो वाळूच्या उथळ पट्ट्यांवर कोळंबीच्या मागे येतो. पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांतले असे मासे काठीने धरण्यावर हेन्री सलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याने ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकात लिहिलं. ते पुस्तक 1873 मध्ये मंगळूरला छापलं गेलं. दीडशे वर्षांत आपल्याकडे त्यात भर फार थोडी पडली, याची मला खंत वाटते.

या दोन्ही माशांबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की ते आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात. जिताड्यात हा बदल साधारण 80 ते 100 सेंटिमीटर लांबीच्या सुमारास होतो. म्हणजे सगळ्यांना हवा असलेला तो दहा-बारा किलोंचा जिताडा बहुधा मादी असतो आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी जाऊन ती लाखोंनी अंडी घालते. क्वीन्सलंडमध्ये 58 सेंटिमीटरपेक्षा लहान आणि 120 सेंटिमीटरपेक्षा मोठी बारामुंडी ठेवता येत नाही. आपल्याकडे चेन्नईच्या ‘सिबा’ या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या संशोधन संस्थेने 1997 मध्ये या माशाचं प्रजनन बंदिस्त जागेत करून दाखवलं, त्यामुळे तळ्यांसाठी पिल्लं मिळू लागली. पण खाडीतला जिताडा खाडीतल्या माद्यांवरच टिकणार. जाळ्यात अडकलेला मासा बहुतेक वेळा जगत नाही. फ्लायचा गळ एकच असतो, ओठात लागतो आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला तर मासा पाण्यातच ठेवून तो सोडवता येतो. या कसबाविषयी मला वाटणाऱ्या आपुलकीचं मुख्य कारण हेच आहे.

दहा किलोंचा जिताडा परत पाण्यात सोडा, हे कोळ्याला सांगणं सोपं नाही आणि नुसतं सांगण्याचा अधिकार शहरातून आलेल्या शौकिनाला नाहीही. त्या माशाचे बाजारात चांगले पैसे होतात आणि घर त्यावर चालतं. पण एक जुळणी इथे होऊ शकते. प्रवाहात रोवून ठेवायच्या डोल जाळ्याला पाण्याची जोराची ओढ लागते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात डोलकरांना उसंत नसते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ओढ मंदावते आणि डोलीचं काम सैल पडतं. चिखल खाली बसून पाणी त्यातल्या त्यात निवळतं ते याच दिवसांत आणि फ्लायला हवे असतात तेही हेच दिवस. तेव्हा रिकाम्या होडीचं आणि नाखव्याच्या दिवसाचं भाडं ठरवताना ते मोठ्या जिताड्याच्या किमतीच्या बरोबरीने ठरवावं, मासा लागो वा न लागो, रोख द्यावं आणि मोठी मादी सोडायची हे होडीत पाय ठेवण्याआधीच दोघांनी बोलून घ्यावं.