साचलेले पाणी, ताप आणि पोटऱ्यांचे दुखणे

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन सुरू होते आणि त्याच दिवसांत आपल्या वस्त्यांच्या गल्ल्यांत गुडघाभर पाणी साचते. या पाण्यातून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस, म्हणजेच ‘लेप्टो’ या आजाराची माहिती आम्ही येथे देत आहोत.

लेप्टोस्पायरा हे जिवाणूंचे एक कुटुंब आहे. आकार स्प्रिंगसारखा पिळदार. यातले काही जिवाणू पाण्यात राहतात आणि कुणालाही त्रास देत नाहीत. काही मात्र उंदीर-घुशी, कुत्री, गाई-म्हशी, डुकरे यांच्या मूत्रपिंडात मुक्काम करतात. उंदीर आजारी दिसत नाही, पण त्याच्या लघवीतून जिवाणू बाहेर पडत राहतात. गटार तुंबले की ती लघवी गल्लीतल्या पाण्यात मिसळते. पायाला जखम, भेगा किंवा चिखल्या असतील तर जिवाणू तेथून अंगात शिरतात. डोळे, नाक, तोंड यांतूनही शिरतात.

मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोची मोठी साथ आली होती. कोकणात भातशेतीच्या चिखलात राबणाऱ्यांनाही तो होतो. गटारे साफ करणाऱ्या आपल्या सफाई कामगारांना धोका सर्वांत जास्त.

पाण्यातून चालल्यावर बहुधा एक-दोन आठवड्यांत थंडी वाजून ताप येतो. डोके दुखते, डोळे लाल होतात, पोटऱ्या आणि कंबर फार दुखते. वेळीच औषध मिळाले तर रोगी बरा होतो. उशीर झाला तर कावीळ होते, लघवी कमी होते, मूत्रपिंडे निकामी होतात, फुप्फुसात रक्तस्राव होतो आणि जीवही जातो.

येथेच घात होतो. डोळे पिवळे दिसले की काही घरांतून रोग्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात, गळ्यात माळ घालतात. मोलाचे दिवस निघून जातात. रोगाला कारण असते आणि कारण दूर केले की रोग टळतो, ही धम्माची दृष्टी आहे. लेप्टोचे कारण जिवाणू आहे. त्यावर डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन अशी प्रतिजैविके आहेत, माळ नाही.

म्हणून एवढे करा :

● पाण्यातून जावेच लागले तर गमबूट घाला. घरी येताच साबणाने पाय धुऊन कोरडे करा. जखम झाकून ठेवा.

● जखम असताना साचलेल्या पाण्यातून चाललात, तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांचे औषध डॉक्टरच ठरवतील.

● ताप आल्यास त्याच दिवशी पालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात जा. “मी साचलेल्या पाण्यातून चाललो होतो,” हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या परस्पर घेऊ नका; त्यांनी मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

● खरकटे उघड्यावर टाकू नका. उंदीर तेथेच वाढतात.

पण एकेका घराच्या काळजीने हे पुरे होणार नाही. गटार पावसाळ्यापूर्वी साफ होणे, कचरा रोज उचलला जाणे आणि सफाई कामगाराला गमबूट-हातमोजे मिळणे हा आपला हक्क आहे. महिला मंडळाने आणि विहार समितीने मिळून वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. संघटित झालो, तरच गटार वेळेवर साफ होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!