ओसाड बेटावरचे कोडे

व्हिडिओ गेम म्हटला की गोळीबार आणि धावपळ डोळ्यांपुढे येते. १९९३ साली अमेरिकेत रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी काढलेल्या ‘मिस्ट’ या खेळात मात्र ना लढाई, ना घड्याळाची घाई.

संगणकाच्या पडद्यावर एक ओसाड बेट. धक्का, उंच झाडे, एक ग्रंथालय. माणूस कुठे दिसत नाही. काय करायचे तेही कुणी सांगत नाही. मग आपणच हिंडू लागतो, कळ दाबून बघतो, अर्धवट जळालेल्या वह्या चाळतो. इथली माणसे गेली कुठे, हा प्रश्न काही पाठ सोडत नाही.

पुढे एका मुलखात तर कान हाच वाटाड्या! पाण्याचा, वाऱ्याचा, घड्याळाच्या टिकटिकीचा आवाज ध्यानात ठेवायचा; हे आवाज योग्य क्रमाने लावले की बंद दार उघडते.

आता अडलेल्याला कुणी उत्तरच सांगून टाकले तर? दार उघडते खरे, पण बेटाची रयाच जाते. आजीने घातलेले कोडे शेजारच्या पोराने फोडावे, तसेच हो! जाणता सोबती असेल तर तो एखादी खूण तेवढी दाखवतो.

खेळाच्या खोक्यात एक कोरी वहीही मिळे. खुणा, आकडे, नकाशे ज्याने त्याने आपल्या हाताने तीत टिपायचे.