बर्फातले इवले पक्षी : समज आणि वस्तुस्थिती

जपानच्या होक्काइदो बेटावर शिमा-एनागा नावाचा पक्षी राहतो. चेहरा पांढराशुभ्र, एकूण लांबी सुमारे १४ सेंटिमीटर आणि त्यातली निम्मी शेपटीच. वजन ७ ते ९ ग्रॅम. बर्फाच्छादित फांदीवरचे त्याचे फोटो पाहून अनेकांना थंडीत कॅमेरा घेऊन बर्फाकडे धाव घ्यावीशी वाटते. हिवाळ्यात उत्तराखंडात जाणाऱ्यांमध्ये मराठी छायाचित्रकारही असतात. मात्र तिथे पोहोचण्याआधी मनातले काही समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : बर्फात भरपूर उजेड असतो, म्हणून एक्स्पोजर कमी करावे.

वस्तुस्थिती : करायचे असते नेमके उलट. समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे, असे धरूनच कॅमेऱ्याचा मीटर हिशेब करतो. फ्रेम बर्फाने भरली की त्याला ते दृश्य वाजवीपेक्षा उजळ वाटते आणि तो उजेड कापतो. परिणामी बर्फ मळकट दिसतो, पक्षी काळवंडतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ ते +२ स्टॉपपर्यंत वाढवावे आणि हिस्टोग्राम पाहत राहावे. आलेख उजवीकडे झुकलेला हवा, पण उजव्या कडेला आदळलेला नको. पक्ष्यामागे गडद देवदार असतील, तर हीच वाढ पिसांमधले बारकावे पुसून टाकते. तिथे ती कमी करावी. बर्फाचा एक मोठा फायदाही आहे : खालून परावर्तित होणारा उजेड पक्ष्याच्या पोटाखालची सावली भरून काढतो.

गैरसमज : कॅमेऱ्याला धोका बाहेरच्या थंडीचा, खोलीत आणला की तो सुरक्षित.

वस्तुस्थिती : थंडीत बॅटरीतली रासायनिक प्रक्रिया मंदावते आणि ती लवकर संपल्यासारखी वाटते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवली की काम भागते. खरी काळजी घ्यावी लागते ती परतल्यावर. गारठलेल्या लेन्सला खोलीतली उबदार, दमट हवा लागली की तिच्यावर पाणी साचते, कधी ते आतही शिरते. त्यामुळे बाहेर असतानाच कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच काढावा.

गैरसमज : हीटर लावलेल्या गाडीतून काच खाली करून फोटो घेणे सर्वांत सोयीचे.

वस्तुस्थिती : गाडीतली गरम हवा बाहेरच्या थंड हवेत मिसळते, तेव्हा लेन्सपुढची हवा थरथरते. मोठ्या टेलिलेन्समधून ही थरथर फोटोत उतरते आणि फोकस अचूक असूनही पिसे धूसर दिसतात. दोष लेन्सचा नसतो. हीटर बंद करून गाडी आतून थंड होऊ द्यावी.

गैरसमज : गोल गरगरीत दिसणारा पक्षी धष्टपुष्ट असतो.

वस्तुस्थिती : तो पिसे फुलवून त्यांच्यामध्ये हवा कोंडतो, कारण ही हवाच शरीरातली उष्णता धरून ठेवते. थंडी ओसरली की शिमा-एनागाही सडपातळ दिसू लागतो. आपल्या वल्गुलीच्या कुळातली उत्तर अमेरिकेतली काळ्या टोपीची चिकडी सुमारे ११ ग्रॅमची. ती दिवसभर खाऊन चरबी साठवते, ती रात्रीत जाळते आणि कडाक्याच्या रात्री शरीराचे तापमान १० ते १२ अंशांनी खाली आणते. सकाळी पुन्हा अन्न शोधावेच लागते.

गैरसमज : भुकेला पक्षी धीट होतो, त्यामुळे जवळ गेले किंवा त्याचा आवाज वाजवला तरी बिघडत नाही.

वस्तुस्थिती : बिघडते. हिवाळ्यात दिवस आखूड असतो; उत्तर फिनलंडमधल्या कुसामोत डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य जेमतेम तीन तास क्षितिजावर असतो. रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून प्रतिस्पर्धी शोधण्यात, माणसाला बिचकून वारंवार उडण्यात गेलेले प्रत्येक मिनिट हे खाण्याच्या वेळातून वजा होते. फिनलंडमधले अनेक छायाचित्रकार म्हणूनच खाद्यस्थानाजवळच्या लपणीत बसून वाट पाहतात. तिथे सूर्यफुलाच्या बिया, मीठ नसलेले शेंगदाणे, चरबीचे गोळे ठेवतात. पावाने पोट भरते, पोषण फारसे मिळत नाही. खाद्यपात्र स्वच्छ ठेवले नाही, तर त्यातून रोगही पसरतात.

गैरसमज : जितका बर्फ जास्त, तितके पक्षी जास्त.

वस्तुस्थिती : हिमालयात बर्फ पडू लागला की अनेक छोटे पक्षी खाली उतरतात. उन्हाळ्यात ३,००० मीटरच्या वर घरटी करणारा हिमालयन ब्लूटेल हिवाळ्यात नैनिताल जिल्ह्यातल्या सातताल परिसरात दिसतो. सातताल सुमारे १,४०० मीटरवर आहे. केवळ ३,६८० मीटरवरच्या तुंगनाथाच्या बर्फावर भिस्त ठेवणाऱ्यांची अनेक पक्ष्यांशी गाठच पडत नाही.

यंदा बर्फात जाणार असाल, तर एक खूण ध्यानात ठेवा. तुमच्यामुळे पक्ष्याने खाणे थांबवले किंवा तो मान ताठ करून तुमच्याकडेच पाहू लागला, तर चार पावले मागे या आणि तो पुन्हा खाऊ लागेपर्यंत कॅमेरा उचलू नका.