ऑफिसच्या वायफायला लॅपटॉप नेमका कुठे अडतो?

घरच्या वायफायवर बिनतक्रार चालणारा लॅपटॉप ऑफिसात उघडला की कधीकधी अडून बसतो. नेटवर्कच्या नावाखाली ठिपके फिरत राहतात आणि शेवटी 'कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क' एवढं एक वाक्य उमटतं. पासवर्ड चुकला तरी हेच वाक्य, सर्टिफिकेट पटलं नाही तरी हेच आणि रेंज कमी पडली तरीही हेच. मग माणूस हाताला लागेल ते करत सुटतो. लॅपटॉप बंद-चालू करतो, नेटवर्क 'फरगेट' करतो, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतो. यातलं काहीतरी कधीतरी लागू पडतं, पण कशामुळे लागू पडलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच खेळ सुरू होतो. म्हणून काहीही बदलण्याआधी जोडणी कुठल्या टप्प्यावर तुटली ते शोधायचं. ते शोधता येतं, आणि त्यासाठी आयटीतलाच माणूस असावा लागतो असं नाही.

घरी एकच पासवर्ड असतो आणि तो सगळ्यांना माहीत असतो. ऑफिसात ते परवडत नाही, कारण एक माणूस नोकरी सोडून गेला की सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागेल. म्हणून तिथे प्रत्येकाची ओळख वेगवेगळी तपासतात. या पद्धतीचं तांत्रिक नाव ८०२.१एक्स. हे मानक २००१ साली आलं, ते मुळात तारेने जोडलेल्या नेटवर्कसाठी होतं. पुढे ते वायफायच्या सुरक्षेतही घेतलं गेलं. सेटिंगमध्ये 'डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ' किंवा 'डब्ल्यूपीए३ एंटरप्राइझ' असं दिसलं की समजायचं, आपण अशाच नेटवर्कवर आहोत.

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन पाहुण्याला स्वतःच्या मनाने आत सोडत नाही. इंटरकॉमवरून घरी विचारतो आणि 'पाठवा' म्हटलं तरच फाटक उघडतो. छताला लावलेला ॲक्सेस पॉइंट हेच काम करतो. तुमचा पासवर्ड बरोबर आहे का, हे त्याला माहीत नसतं. तो तुमचं म्हणणं मागे सर्व्हर रूममधल्या रेडियस नावाच्या सर्व्हरकडे पोचवतो आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे आणतो. होकार आला की तुमच्या लॅपटॉपपुरती वेगळी किल्ली तयार होते आणि पुढचा सगळा मजकूर तिने कुलूपबंद होतो.

म्हणजे आधी रेडिओ जुळतो, मग ओळख पटते, मग किल्ली ठरते, मग नेटवर्ककडून आयपी पत्ता मिळतो, आणि मग कुठे वेबसाइटची नावं शोधून इंटरनेट चालू होतं. या क्रमात कुठे अडलं ते ओळखायचं.

पहिली चाचणी अगदी साधी आहे. फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा. तिथेही जोडला गेला नाही, तर दुखणं लॅपटॉपचंच आहे. फ्लाइट मोड चुकून चालू झालाय का, कीबोर्डवरचं वायफायचं बटण दाबलं गेलंय का, ड्रायव्हर बिघडलाय का, ते बघायचं. हॉटस्पॉट चालला, तर शेजारच्या टेबलावर विचारा. त्यांचंही बंद असेल तर आपल्या लॅपटॉपला हात लावू नका, हेल्पडेस्कला फोन करा. फक्त तुमचंच बंद असेल तर पुढे वाचा.

रेंजचं थोडक्यात सांगतो. पडद्यावरच्या दांड्यांवर फार भिस्त ठेवू नये. रेंज डेसिबलच्या मापात ऋण आकड्यात मोजतात आणि आकडा जितका शून्याजवळ तितकी रेंज चांगली. उणे ६७ च्या आसपास असेल तर कॉल आणि मीटिंग नीट चालतात. उणे ८० च्या खाली गेलं की जोडणी तुटायला लागते. मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की हा आकडा दिसतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की सिग्नल टक्क्यांत कळतो. आणखी एक नेहमी आढळणारी गोष्ट: खालच्या मजल्यावर जोडलेला लॅपटॉप वर आणला तरी तो खालच्याच ॲक्सेस पॉइंटला धरून राहतो. वायफाय एकदा बंद करून चालू केलं की तो जवळचा पॉइंट नव्याने निवडतो.

खरी अडचण बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे ओळखीच्या तपासणीत असते. तिथे जरा थांबूया.

आधी युजरनेम बघा. काही ठिकाणी नुसतं नाव चालतं, काही ठिकाणी पूर्ण ईमेलसारखं लिहावं लागतं, तर काही ठिकाणी आधी डोमेनचं नाव, मग तिरकी रेघ आणि मग आपलं नाव. शिक्षणसंस्थांमधल्या एज्युरोम या नेटवर्कवर हे फार चांगलं दिसतं. भारतात ते अर्नेट इंडियामार्फत चालतं, आणि त्यात सामील असलेल्या कुठल्याही संस्थेत गेलं तरी आपल्याच संस्थेच्या खात्याने वायफाय मिळतं. पण 'ॲट' चिन्हापुढचं संस्थेचं नाव गाळलं, तर आपल्या कॅम्पसवर कदाचित चालून जाईल, परगावच्या कॅम्पसवर नाही चालणार. तिथल्या सर्व्हरने तुमची चौकशी कुठल्या संस्थेकडे पाठवायची, हे त्या चिन्हापुढच्या नावावरूनच ठरतं. परिषदेला आलेले प्राध्यापक 'आमच्याकडे तर चालतं' असं म्हणतात तेव्हा त्यांचं म्हणणं खरंच असतं.

मग पासवर्ड. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावणाऱ्या ऑफिसांत हा घोळ हटकून होतो. समजा, तुम्ही घरून वेबसाइटवर जाऊन पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आलात. लॅपटॉपला नेटवर्क मिळालेलं नाही, त्यामुळे त्याला नव्या पासवर्डचा पत्ताच नाही. तो सुरुवातीच्या पडद्यावर जुनाच पासवर्ड मान्य करतो आणि वायफायलाही तोच देतो. रेडियस तो नाकारतो. नेटवर्क मिळाल्याशिवाय नवा पासवर्ड लॅपटॉपला कळणार नाही, आणि नवा पासवर्ड दिल्याशिवाय नेटवर्क मिळणार नाही, असा पेच पडतो. यावर उपाय आहे. लॅनची केबल एकदा लावायची, किंवा हॉटस्पॉटवरून व्हीपीएन जोडायचं, मग पडदा लॉक करून नव्या पासवर्डने उघडायचा. लॅपटॉपला नवा पासवर्ड कळला की वायफायचा पेचही सुटतो.

याच वेळी खिशातला फोन विसरू नका. त्यात जुना पासवर्ड साठवलेला असतो आणि तो दर थोड्या वेळाने त्याच पासवर्डने नेटवर्कशी झटत राहतो. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं लॉक करण्याचा नियम असेल, तर फोनच तुमचं खातं लॉक करून टाकतो आणि लॅपटॉपवर बरोबर पासवर्ड टाकूनही काही होत नाही. आयटीवाल्यांनी खातं उघडून दिलं तरी तासाभरात ते पुन्हा लॉक होतं. असं वारंवार होत असेल तर आधी फोन आणि टॅबमधलं ऑफिसचं नेटवर्क काढा.

'फरगेट' करून पुन्हा जोडण्याचा सल्ला सगळेच देतात. त्यात तथ्य आहे, कारण साठवलेली जुनी माहिती त्याने पुसली जाते. पण कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर हे नेटवर्क बऱ्याचदा कंपनीच्याच धोरणातून आलेलं असतं. ते पुसून हाताने जोडायला गेलात तर पूर्वीची नेमकी सेटिंग्ज परत येतीलच असं नाही. म्हणून पुसण्याआधी आयटीला विचारा, आणि इंटरनेटचा दुसरा मार्ग हाताशी आहे ना तेही बघा.

आता सर्टिफिकेट. सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले इथेच मिळतात. तपासणी दोन्ही बाजूंनी होत असते. सर्व्हर तुम्हाला ओळखतो तसंच तुमच्या लॅपटॉपनेही सर्व्हरला ओळखायचं असतं, आणि त्यासाठी सर्व्हर स्वतःचं सर्टिफिकेट दाखवतो. कारण वायफायचं नाव कुणीही चोरू शकतं. कुणी तुमच्या ऑफिसच्या नावाचाच ॲक्सेस पॉइंट खालच्या चहाच्या टपरीजवळ लावला, तर लॅपटॉप आपण होऊन त्याला जोडायला जातो. लॅपटॉपने सर्टिफिकेट तपासलं तर तिथेच थांबतो. तपासणी बंद केली असेल, तर तो तुमच्या पासवर्डची देवाणघेवाण त्या भामट्याशी करून मोकळा होतो. पासवर्डवर चालणाऱ्या अशा नेटवर्कांत एमएस-चॅप आवृत्ती २ ही जुनी पद्धत आजही सर्रास वापरात आहे. ती फोडता येते हे २०१२ सालच्या डेफकॉन परिषदेत उघडपणे दाखवलं गेलं. तिला झाकणारं आवरण म्हणजे सर्टिफिकेटच्या जोरावर उभा राहिलेला कुलूपबंद बोगदा. तपासणी बंद केली की बोगदा कुणाशी बांधला याचा पत्ताच लागत नाही.

तरीही 'व्हॅलिडेट'वरची खूण काढून टाका, लगेच चालू होईल, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. चालू होतं हे खरं, पण हा सल्ला घेऊ नका. अँड्रॉइडने ११ व्या आवृत्तीच्या काळात, २०२० च्या अखेरीपासून, 'डू नॉट व्हॅलिडेट' हा पर्यायच काढायला सुरुवात केली, ते याच कारणाने. लॅपटॉपने 'या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का' असं विचारलं, तर दिसणारं सर्व्हरचं नाव आयटीकडून आलेल्या सूचनेतल्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा आणि मगच होकार द्या. हा प्रश्न वर्षा-दोन वर्षांनी अचानक पुन्हा येऊ शकतो, कारण सर्टिफिकेटची मुदत संपते आणि नवं बसवावं लागतं. अशा सकाळी अनेकांचे लॅपटॉप एकदमच अडतात.

सर्टिफिकेटचा आणखी एक शत्रू आहे: लॅपटॉपचं घड्याळ. काही महिने कपाटात पडून राहिलेला जुना लॅपटॉप चालू केला की कोपऱ्यातली तारीख काही वर्षं मागे गेलेली दिसते. काही लॅपटॉपांच्या मदरबोर्डवर तारीख-वेळ जपणारी नाण्याएवढी बॅटरी असते, ती संपलेली असते. सर्टिफिकेटवर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं, आणि लॅपटॉपच्या लेखी ती तारीख अजून उजाडलेलीच नसते. तो सर्टिफिकेट नाकारतो, आणि आपण पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसतो. तारीख दुरुस्त करायला अर्धा मिनिट लागतो. म्हणून बाकी काही करण्याआधी घड्याळाकडे एक नजर टाकावी.

विंडोज ११ च्या २२एच२ या आवृत्तीनंतर एक वेगळी तक्रार वाढली. पूर्वी लॅपटॉप उघडला की वायफाय आपोआप जोडलं जायचं, आता ते पुन्हा पासवर्ड मागतं किंवा नकार देतं. एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत, योग्य हार्डवेअर असेल तर, क्रेडेन्शियल गार्ड नावाचं संरक्षण तेव्हापासून मुळातच चालू असतं. ते विंडोजच्या लॉगिनचा पासवर्ड एमएस-चॅपसारख्या जुन्या पद्धतीला परस्पर वापरू देत नाही. हा बिघाड नाही. यावरचा टिकाऊ इलाज ऑफिसनेच करायचा आहे: पासवर्डऐवजी प्रत्येक लॅपटॉपवर स्वतःचं सर्टिफिकेट बसवायचं. या पद्धतीला ईएपी-टीएलएस म्हणतात.

वायफायखाली 'नो इंटरनेट, सिक्युअर्ड' असं दिसलं, तर बहुधा ओळख पटलेली असते आणि घोडं पुढे अडलेलं असतं. आता पासवर्डशी खेळून काही उपयोग नाही. आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर नेटवर्ककडून पत्ता न मिळाल्यामुळे लॅपटॉपने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतलाय. नेहमीच्या आकाराच्या एका नेटवर्क विभागात २५४ पत्ते मावतात. मोठं प्रशिक्षण असेल आणि प्रत्येकाकडे लॅपटॉप आणि फोन असे दोन-दोन नग असतील, तर ते संपतातही. हे निस्तरणं आयटीचं काम आहे. पत्ता नीट असेल आणि तरीही वेबसाइट उघडत नसतील, तर व्हीपीएन अर्धवट बंद झालंय का, घरी हाताने भरलेला डीएनएस किंवा प्रॉक्सी तशीच राहिलीय का, ते तपासा.

एवढं करूनही सुटलं नाही, तर विंडोजकडून अहवाल घ्या. ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असतील, तर 'नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही आज्ञा दिली की गेल्या तीन दिवसांतल्या जोडण्यांचा आलेख असलेलं पान तयार होतं. अडलेल्या जागी लाल खुणा असतात आणि त्यावर क्लिक केलं की कारण दिसतं. मेसेजपेक्षा हे कारण कितीतरी स्पष्ट असतं.

हेल्पडेस्कला तिकीट टाकताना नुसतं 'वायफाय चालत नाही' असं लिहू नका. नेमकी वेळ, मजला आणि जागा, युजरनेम, लॅपटॉपच्या वायफायचा मॅक पत्ता, पडद्यावरचा मेसेज, आणि हॉटस्पॉटवर चाललं की नाही, एवढं लिहा. वेळ आणि मॅक पत्ता कळला की आयटीवाले रेडियसच्या नोंदींत तुमचा प्रयत्न शोधतात. मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर असेल तर नाकारलेल्या प्रयत्नाची नोंद ६२७३ या क्रमांकाखाली सापडते. तिथे कारण १६ दिसलं तर युजरनेम किंवा पासवर्ड जुळलेला नाही. नोंदच नसेल, तर तुमची चौकशी सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नाही, आणि मग शोध ॲक्सेस पॉइंटच्या बाजूने सुरू होतो. पासवर्ड मात्र तिकिटात, चॅटवर किंवा फोनवर कुणालाही सांगू नका. या नोंदी बघायला तो लागत नाही.