प्रारंभिक गायनवर्गातील परीक्षा : स्मरण आणि स्वरज्ञान

हिंदुस्थानी संगीताच्या अध्यापनात गुणांनी मोजली जाणारी परीक्षा तुलनेने अलीकडची आहे. घराण्याच्या तालमीत शिष्याचे मूल्यमापन होत नसे असे नव्हे. परंतु एक पलटा नीट बसला म्हणजे गुरू दुसरा देत, न बसल्यास तोच पुन्हा घोटून घेत. पुढची तालीम मिळणे वा न मिळणे हाच निकाल असे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि संगीतशिक्षणास वर्ग व अभ्यासक्रम यांची चौकट लाभली. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. ‘प्रारंभिक’, ‘प्रवेशिका’ अशा पायऱ्यांनी चढत जाणाऱ्या मंडळाच्या परीक्षांस आज असंख्य विद्यार्थी बसतात. या व्यवस्थेमुळे संगीत सामान्य घरांपर्यंत पोचले, हे निर्विवाद आहे. मात्र वर्षभर शिष्यास ऐकणाऱ्या गुरूच्या जागी काही मिनिटे ऐकणारा परीक्षक आला. त्या अल्प वेळात तो नेमके काय मोजतो, हा विचारणीय प्रश्न आहे.

प्रारंभिक पातळीवर सामान्यतः अलंकार, रागाचे आरोह-अवरोह, सरगमगीत अथवा छोटा ख्याल, आणि हाताने ताल दाखविणे एवढ्या गोष्टी विचारल्या जातात. यांपैकी बहुतेक वर्गात पाठ झालेल्या असतात. पाठ झालेली बंदिश साखळीसारखी असते. एक कडी पुढच्या कडीस ओढून आणते. पाढा ओळीने म्हणणारा मुलगा मधलाच गुणाकार विचारताच अडखळतो, त्याचप्रमाणे भूपाची बंदिश बिनचूक म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास ‘षड्जावरून एकदम धैवत लावा’ असे सांगितल्यास तो पुष्कळदा मनातल्या मनात ‘सा रे ग प’ म्हणत धैवतापर्यंत पोचतो. तालाचेही तसेच आहे. तीनतालाच्या सोळा मात्रांत १, ५ व १३ या मात्रांवर टाळी आणि ९ वर खाली, हे तोंडपाठ असणे वेगळे. नवव्या मात्रेपासून उठणारा मुखडा गाऊन समेवर येणे वेगळे. पहिल्यात स्मरणाची परीक्षा होते, दुसऱ्यात लयीच्या जाणिवेची.

स्वरज्ञान हे संबंधांचे ज्ञान आहे. पुरुषाने उच्चारलेला ‘आ’ आणि लहान मुलीने उच्चारलेला ‘आ’ यांची उंची भिन्न असूनही ऐकणारा त्यांस एकच वर्ण मानतो. स्वराचेही असेच आहे. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्याचा गांधार आणि काळी पाचच्या पट्टीत गाणारीचा गांधार हे कंपनसंख्येने भिन्न असले, तरी आपापल्या षड्जाशी त्यांचे नाते एकच असते. म्हणून विद्यार्थ्याची पट्टी निश्चित करणे ही मूल्यमापनाची पहिली पायरी होय. आवाज फुटण्याच्या वयातील मुलास गतवर्षीच्याच पट्टीत गावयास लावले, तर त्याचा तारषड्ज चढत नाही आणि दोष मात्र त्याच्या कानावर लादला जातो.

चुकांतही भेद करावयास हवा. भूपात मध्यम व निषाद वर्ज्य आहेत. एखाद्याने त्यात स्पष्ट व सुरेल मध्यम लावला, तर ती चूक रागाच्या नियमाची, म्हणजे व्याकरणाची आहे. त्याचा सूर सच्चा आहे. दुसऱ्याने वर्ज्य स्वर टाळले, पण गांधार किंचित उतरता लावला. ही चूक उच्चारणाची आहे. पहिली चूक एका वाक्यात सुधारता येते, दुसरीस अनेक महिन्यांचा रियाज लागतो. दोन्हींना सारखेच गुण कापणारी गुणपत्रिका शिक्षकास काहीच सांगत नाही.

साथीच्या वाद्याचाही निकालावर परिणाम होतो. पेटीच्या समविभागी सप्तकात शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो. सुरेल जुळविलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गांधार सुमारे ३८६ सेंटांचा असतो. हे अंतर प्रारंभिक वर्गात फारसे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे की, पेटी प्रत्येक स्वर आयता पुरविते आणि विद्यार्थी तिच्यामागून जातो. तंबोरा केवळ आधार देतो, बाकीचे स्वर विद्यार्थ्यास स्वतः शोधावे लागतात. अलंकार एकदा पेटीसह व एकदा केवळ तंबोऱ्यावर म्हणवून घेतल्यास या दोन अवस्था लगेच वेगळ्या दिसतात.

‘बेसूर’ हा शेराही असाच सरसकट वापरला जातो. त्यात निदान दोन अवस्था मिसळलेल्या असतात. एका विद्यार्थ्यास लागलेला स्वर आणि अपेक्षित स्वर यांतील अंतर ऐकूच येत नाही. दुसऱ्यास ते ऐकू येते, पण गळा अद्याप आज्ञा पाळीत नाही. भाषा शिकणाऱ्या मुलास ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील भेद तो उच्चारता येण्यापूर्वीच कळू शकतो, तशीच ही दुसरी अवस्था आहे. तिची पारख सोपी आहे : परीक्षकाने आकारात दोन-तीन स्वर गावेत आणि विद्यार्थ्याने ते केवळ ओळखावेत. जो ओळखतो पण गाऊ शकत नाही, त्याचे शिक्षण निम्मे झालेले असते.

प्रारंभिक परीक्षेत श्रवण, स्वरलगाव, लय आणि स्मरण यांचे गुण वेगवेगळे नोंदविले गेले, तर परीक्षेचा वेळ फारसा वाढणार नाही, निकालाचा अर्थ मात्र पालटेल. ‘गळ्यात सूर नाही’ या एका वाक्याने अनेकांचे गाणे बालपणीच थांबते. ते वाक्य उच्चारण्यापूर्वी उणीव गळ्यात आहे, कानात आहे की केवळ चुकीच्या पट्टीत आहे, याची शहानिशा करणे हे परीक्षकाचे कर्तव्य ठरते.